देवमन पडघान यांचा अरहिवासी दाखला

आसरखेडा येथील उगवता तारा फुटबॉल मंडळाचे सहायक प्रशिक्षक श्री. देवमन पडघान यांना मंडळाच्या कार्यकारिणीनं एकमतानं मुख्य प्रशिक्षकपदी बढती दिली, आणि त्याच आठवड्यात गावातल्या एकशे त्रेचाळीस माणसांना फुटबॉल कळायला लागलं.

आसरखेडा मंगरूळपीर तालुक्यात येतं. कारंजा रोडवरून दोन किलोमीटर आत. बस येते तेव्हा येते. गावाला एक मैदान आहे, मैदानाला लागून नाला आहे आणि नाल्याच्या पलीकडून लोणखेडीची शीव सुरू होते. फाट्यावर माझं दुकान आहे. झेरॉक्स, लॅमिनेशन, फ्लेक्स आणि सगळ्या प्रकारचे अर्ज. माझं नाव बबलू, वय अठ्ठेचाळीस. खरं नाव आधार कार्डावर आहे, पण तिथून ते बाहेर निघत नाही.

आधीचे मुख्य प्रशिक्षक मोहनसिंग मूळचे अमरावतीचे. एवढीच त्यांची पात्रता, पण ती पुरून उरली. एकोणीस वर्षं ते मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून, टोपी घालून बसले. सामना सुरू झाला की "दम लावा!" आणि संपला की "दम कमी पडला!" एवढं तांत्रिक मार्गदर्शन ते न चुकता करायचे.

बाकीचं सगळं देवमन करायचा. देवमन मिस्त्री आहे. गावातली अर्धी घरं त्याच्या हातची. कामावर जायच्या आधी मैदानावर दोरी ताणून चुन्याच्या रेषा मारायच्या, बॉलचं पंक्चर काढायचं, कोणत्या पोट्ट्याचा डावा पाय चालतो आणि कोणता पोट्टा उपाशी आला हे नुसतं बघून ओळखायचं. फ्री किकच्या वेळी पोरांची भिंत तो अशी उभी करायचा की जणू ओळंबा लावलाय. त्या भिंतीतून तालुक्यातला एकही बॉल आजपर्यंत आरपार गेला नव्हता.

आणखी एक काम त्याच्याकडे होतं. वाशिमच्या जिल्हा चषकाचा फॉर्म भरायचं. त्या फॉर्मवर एक ओळ असते, 'मुख्य प्रशिक्षकाचे नाव व गाव'. एकोणीस वर्षं देवमननं आपल्या सुंदर अक्षरात तिथं 'मोहनसिंग' लिहिलं.

"दुसरं काई नाई पाह्यजे बबल्या," एकदा फॉर्मची झेरॉक्स काढता काढता तो मला म्हणाला होता, "त्या लाइनीत एकडाव आपलं नाव लिहून पाह्याचं हाय. कसं दिसते थे."

गेल्या वर्षी मोहनसिंग नातवाला खेळवायला पुण्याला गेले. जागा खाली झाली.

मंडळाचे अध्यक्ष रामधनजी. तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून रिटायर झाले, तेव्हापासून सारं गाव त्यांना बडेबाबू म्हणतं. मंडळाचं कामकाज ते नियमानं चालवतात. खेळताना बॉल नाल्यात गेला की रजिस्टरला जावक नंबर पडतो, परत आला की आवक. तोपर्यंत खेळ थांबतो. बढतीचा आदेश त्यांनी माझ्या दुकानात उभं राहून सांगितला आणि मी टाइप केला. नवा कागद मांडण्यापेक्षा मी एक जुनीच नोटीस उघडली आणि तिच्यात नावं बदलली. खाली एक ओळ उरली होती: 'याबाबत कोणाची काही हरकत असल्यास सात दिवसांच्या आत लेखी स्वरूपात सादर करावी.'

"बडेबाबू, हे लाइन काढू का?" मी विचारलं.

"राहू दे," ते म्हणाले. "थे लाइन नसली तं कागद खरा वाटत नाई."

ती ठेवली तर काय होईल हे मला चांगलं माहीत होतं. म्हणूनच मी ती ठेवली. वर ठळकही केली. खोड आहे माझी.

देवमनच्या बढतीला गावात कोणाचीच हरकत नव्हती. पण हरकत मागितली आहे म्हटल्यावर न देणं बरं दिसत नाही. लग्नाची पत्रिका आल्यावर जावं लागतं, तसंच हे.

पहिली हरकत विनोदची. विनोद गावातला फुटबॉलचा विद्वान. परदेशातल्या एका क्लबचे सामने मोबाइलवर बघतो आणि त्याच क्लबची जर्सी घालून सोयाबीनवर फवारणी करतो. पंधराच दिवसांपूर्वी त्या क्लबनं आपल्या सहायक कोचला वर घेतलं होतं. तेव्हा विनोदनं माझ्याकडून आठ बाय दहाचा फ्लेक्स करून फाट्यावर लावला होता: 'घरच्या माणसाचा सन्मान! हार्दिक अभिनंदन! शुभेच्छुक: समस्त मित्रपरिवार, आसरखेडा.' तो फ्लेक्स अजून फडफडत होता. त्याच्याच सावलीत उभा राहून विनोद सांगायला लागला.

"लिवा बबलूभाऊ. अंदरच्याच मानसाले वर घेतलं म्हंजे मंडळाले मोठं व्हाचंच नाई. काई तरी मोठं नाव आना म्हना."

"अबे, मान वर करून पाह्य जरा. तुह्या क्लबनं तेच केलं न?"

"थे अलग हाय."

"काहून अलग?"

"थो कोच त्याईच्या घरचा हाय. आपल्यासाठी तं बाहेरचाच झाला न!"

मी हे जसंच्या तसं टाइप केलं. अशी वाक्यं सुधारायला गेलं की बिघडतात.

मग रांग लागली. एकानं लिहून दिलं, 'सदर इसमाने माझ्या संडासाची भिंत बांधली असून तो फुटबॉल शिकवणार हे मनाला पटत नाही.' एकाचं म्हणणं होतं की मोठा कोच उशिरा येतो, देवमन रोज वेळेवर येतो, यावरूनच काय ते समजा. एक म्हातारा आला. फुटबॉल म्हणजे काय हे त्याला माहीत नव्हतं. दोन वर्षांपूर्वी त्यानं पाइपलाइनवर हरकत घेतली होती, तीच पुढे चालू ठेवा म्हणाला. "मी त्यांना रोज पाहतो, त्यामुळे आदर वाटत नाही," अशी एकाच मजकुराची हरकत बावीस जणांनी वेगवेगळी दिली.

देवमनची बायको भागिरथा, तिचीही हरकत आली. आमच्या घरच्या मोरीचं प्लास्टर सहा वर्षांपासून बाकी आहे, हा माणूस कोच झाला तर ते जन्मात व्हायचं नाही, असा एकंदर आशय.

सातव्या दिवशी दुकान बंद करत होतो तर खुद्द देवमन आला.

"बबल्या, एक हरकत लिवून दे."

"कोनावर?"

"माह्यावर."

"देवमनभाऊ! सोताच्याच बढतीवर?"

"साऱ्या गावानं देल्ली बाप्पा. मी एकट्यानंच नाई देल्ली तं गावात कसं दिसीन?"

"आन कारन काय लिवू?"

त्यानं खरंच विचार केला. "लिव. मुख्य कोचले मदत कराचं काम माह्यं हाय. मीच मुख्य झालो तं मदत कोन करीन? हे कोनी पाह्यलंच नाई."

ही एकशे त्रेचाळिसावी. आणि माझ्या मते एवढी एकच मुद्द्याची होती.

सुनावणी ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये झाली. बडेबाबूंनी पुकारा केला, "देवमन पडघान हाजिर हाय काय?"

"तुमच्या बाजूलेच बसलो न बडेबाबू."

"तोंडी चालत नाई. सही कर."

देवमननं सही केली. सगळ्या हरकती वाचून झाल्या. बाजूनं बोलायला कॅप्टन संघदीप उठला. म्हणाला, आम्हा पोट्ट्यांना देवमनकाकाच पाहिजे. बडेबाबूंनी विचारलं, लेखी दिलं का? नाही म्हणाला. मग बस म्हणाले. आदेशात हरकत मागितली होती, पसंती मागितलीच नव्हती. ती घ्यायची तर कोणत्या फायलीत लावणार?

निकाल लागला. लोकभावना लक्षात घेता मुख्य प्रशिक्षक हा बाहेरचाच असावा आणि तो बाहेरचा असल्याबद्दल ग्रामपंचायतीचा दाखला जोडावा.

जाहिरात निघाली. आमच्याच जिल्ह्यातल्या मालेगावहून एक जण आला. चांगला उंचपुरा, गळ्यात शिट्टी. पण चहा पिता पिता निघालं की त्याची मावशी आसरखेड्यात दिली आहे. बाद. कारंज्याहून दुसरा आला, त्याची आजी आमच्याच गावची निघाली. तोही बाद. वाशिम जिल्ह्यात दोन माणसं दहा मिनिटं बोलत बसली की मावशी निघतेच, हे बडेबाबूंच्या लक्षात आलं नव्हतं. तिसरा उमेदवार हुशार होता. तो कोणाशी एक शब्द बोलला नाही. पण मैदान बघून तोही न बोलताच निघून गेला.

फॉर्म भरायला आठ दिवस उरले. मुख्य प्रशिक्षकाची ओळ कोरी असली तर संघ बाद, हा वाशिमचा नियम. देवमन फॉर्म घेऊन दुकानात आला. सोळा पोरांची नावं लिहिलेली, फोटो चिकटवलेले, प्रत्येक फोटोखाली पट्टीनं रेघ मारलेली. ती एक ओळ तेवढी रिकामी.

"इथी काय लिवू बबल्या?"

त्याचं ते तोंड बघून माझं हसू गेलं. नोटिशीतली ओळ मीच ठळक केली होती. आता यातून बाहेर पडायचं तर आणखी एक उचापत करण्यावाचून मला मार्ग दिसेना. सरळ मार्ग मला तसेही दिसत नाहीत.

"देवमनभाऊ," मी म्हणालो, "तुमी बाहेरचे व्हा."

"म्हंजे?"

"नाल्याच्या पल्याड लोनखेडीची शीव हाय. तथी किसनसिंगचा गोठा हाय. खाट टाका. मैदानापासून चाळीस पावलं. झाले बाहेरचे."

देवमनला हे पटलं, कारण त्याला नियम मोडायचा नव्हता, पाळायचा होता. भागिरथानं खाटेवर गोधडी ठेवली आणि म्हणाली, "जाता तं जा बापा, पन आंधी मोरीचं प्लास्टर करून जा."

"आल्यावर करतो वं."

"बाहेरचे मानसं कायले येतात परत?"

तो गेला. मी ग्रामसेविका सरिता मॅडमकडे अर्ज घेऊन गेलो. त्यांनी तो दोनदा वाचला.

"बबलूभाऊ, रहिवासी दाखल्याचा नमुना हाय माह्यापाशी. अरहिवासीचा नाई. जो मानूस माह्या गावात राहतच नाई, त्याले मी दाखला कशी देऊ? थो माह्या हद्दीतच येत नाई."

"आन जो राहते त्याले?"

"त्याले तं देताच येत नाई. थो राहते न!"

"मंग असा दाखला भेटते कोनाले?"

मॅडमनी नमुन्यांची फाइल पुन्हा चाळली. शेवटी त्यांनीच वाट काढली: पंचनामा करा. देवमन पडघान हे राहत्या घरी आढळून येत नाहीत, असं पाच पंचांनी लिहून द्यावं.

दुपारची वेळ. चार पंच मिळाले, पाचवा मिळेना. गावात बोलावलं की लगेच येणारा माणूस एकच, त्याला बोलावलं. तो नाला ओलांडून आला. पाचही पंच देवमनच्या घरासमोर जाऊन उभे राहिले. बडेबाबूंनी कडी वाजवली.

"कोन हाय?" आतून भागिरथा.

"देवमन हाय काय घरी?"

ती दारात आली. तिनं पाचव्या पंचाकडे पाहिलं. पाचव्या पंचानं मान खाली घातली.

"घरात नाई," ती म्हणाली. "दारात हाय."

"दाराचं नाई विचारलं. घरात?"

"घरात नाई."

"लिवा," बडेबाबू मला म्हणाले. "सदर इसम घरात आढळून आला नाही. पंच क्रमांक पाच, सही करा."

देवमननं सुवाच्य अक्षरात सही केली. बडेबाबूंनी सही निरखली आणि म्हणाले, "अक्षर चांगलं हाय."

दाखल्यासोबत अनुभवाचं प्रमाणपत्रही लागणार होतं. मंडळाचं रजिस्टर सहायक प्रशिक्षकाच्या ताब्यात, म्हणून ते लिहायचा अधिकारही त्याचाच. 'श्री. देवमन पडघान यांना मी गेल्या एकोणीस वर्षांपासून जवळून ओळखतो. त्यांची वागणूक चांगली आहे. खाली सही, देवमन पडघान.' या कागदावर मात्र बडेबाबूंनी एक शंका काढली: दिनांक राहिला आहे.

रविवारी नव्या कोचचं आगमन झालं. डफडं लावलं होतं. सगळं गाव नाल्याच्या काठावर. पलीकडच्या गोठ्यातून देवमन निघाला, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून नाला ओलांडला आणि अलीकडे येताच विनोदनं त्याच्या गळ्यात हार घातला.

गावात कोणी वेडं नव्हतं बरं का. हा देवमन आहे हे सगळ्यांना दिसत होतं. पण दाखला झाला होता. डोळ्यांनी दिसलेलं आणि दाखल्यावर लिहिलेलं यात फरक पडला तर आमच्याकडे डोळे तपासून घेतात.

नव्या कोचनं पोरांना उभं केलं आणि एकोणीस वर्षं सांगत होता तेच सांगितलं. "बॉल आला तं आंधी मुंडी वर करा, मंग पाय."

"वा!" विनोद मोबाइलवर शूटिंग करत म्हणाला. "आयकलं काय बबलूभाऊ? आंधी मुंडी, मंग पाय! हे विचार बाहेरूनच याव लागतात."

"हेच तं देवमन बोंबलत होता न इतके वर्सं."

"थो बोलत होता. हे समजावून सांगून राह्यले. आन वऱ्हाडी किती साफ बोलतात! किती लवकर शिकले पाहा!"

देवमननं त्या दिवशी फॉर्म पूर्ण केला. मुख्य प्रशिक्षकाच्या ओळीत लिहिलं, 'देवमन पडघान, रा. लोणखेडी'. पहिले दोन शब्द त्यानं सावकाश लिहिले. पुढचे दोन पटकन.

वाशिमला आमचा संघ फायनलला गेला. समोर कारंज्याचा एक तगडा संघ. आम्ही एक गोलनं पुढे आणि शेवटच्या मिनिटाला त्यांना फ्री किक. देवमननं कडेला उभं राहून नुसता हात हलवला, डावीकडं, अजून जरा, बस्. पोरांची भिंत उभी राहिली. बॉल आला, भिंतीवर आपटला आणि परत गेला. शिट्टी वाजली. आम्ही जिंकलो.

माइकवरून पुकारा झाला, "विजेते प्रशिक्षक, लोणखेडीचे देवमन पडघान!" लोणखेडीहून दोनच माणसं आली होती. एक किसनसिंग, दुसरा त्याचा जावई. पण त्या दोघांनी असा काही जल्लोष केला की आमचं टेम्पोभर गाव गप्प झालं.

परतल्यावर देवमननं खाट डोक्यावर घेतली आणि घराकडे निघाला. नाल्याच्या मधोमध बडेबाबूंनी अडवलं.

"कुठी चालला?"

"घरी. झालं न आता. कप आला."

"घरी गेला तं रहिवासी होशीन. रहिवासी झाला तं दाखला रद्द. दाखला रद्द तं नेमनूक रद्द. नेमनूक रद्द तं कप परत कराव लागते."

देवमन डोक्यावरच्या खाटेसकट तिथंच उभा राहिला. अलीकडच्या काठावर भागिरथा उभी होती. पोट्टे कप घेऊन गावात नाचत होते, ते तिथून ऐकू येत होतं. थोडा वेळ त्यानं ते ऐकलं आणि खाट परत फिरवली.

आता इथं थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण हेड कोच आले म्हटल्यावर त्यांच्या हाताखाली सहायक पाहिजे, असं विनोदला वाटलं. आणि सहायक गावचाच पाहिजे, कारण बाहेरच्या कोचला इथली माहिती कोण देणार? पुन्हा जाहिरात. एकच अर्ज आला. मीच भरला होता, न विचारता. देवमन पडघान यांच्याकडे सहायक प्रशिक्षकाचा अतिरिक्त कार्यभार देण्यात आला. हरकत आली नाही. सहायकाच्या कामावर आमच्या गावात हरकत नसते.

म्हणून व्यवस्था अशी ठरली. नाल्याच्या बाजूला टोपी घालून उभा असला की तो मुख्य. टोपी काढून चुना मारायला गेला की सहायक. लोकही त्यात तरबेज झाले. समोरून येताना टोपी दिसली की "नमस्कार सर," आणि टोपी नसली की "काय बे देवमन, बॉलमंधी हवा भरली काय?"

मग मालेगावच्या संघाशी एक मैत्रीचा सामना झाला आणि आम्ही दोन गोलनं हरलो. पारावर चर्चा पेटली.

"हेड कोचची काई चूक नाई," विनोद म्हणाला. "त्याईनं बरोबर सांगतलं. थो असिस्टंट त्याईचं आयकतच नाई."

"तुले कसं मालूम?" मी विचारलं.

"दोघाईले कधी आपसात बोलताना पाह्यलं काय तुमी?"

मी दुकानात जाऊन हेही टाइप केलं. एकशे त्रेचाळीस सह्यांचं निवेदन निघालं. सहायकाला काढा. नियमाप्रमाणे आधी मुख्य प्रशिक्षकाचा अभिप्राय मागवला. देवमननं लिहिलं, 'काम चांगले आहे. मेहनती आहे.'

बडेबाबूंनी चष्मा काढला. "देवमन, आपल्या मानसाले वाचवून राह्यला काय? पदावरच्या मानसानं असं वागाव नाई."

"खरं थे लिवलं बडेबाबू."

"खरं नाई विचारलं. अभिप्राय विचारला."

सहायकाला काढलं. काढल्याच्या कागदावर 'मिळाला' म्हणून सहायकाची सही, 'पाहिला' म्हणून मुख्य प्रशिक्षकाची. दोन्ही सह्या एकाच पेनानं.

दुसऱ्या दिवशी मैदानावर रेषा नव्हत्या. बॉल चपटा पडलेला. देवमननं सवयीनं दोरी उचलली तर बडेबाबू धावत आले. "ठेव थे! थे सहायकाचं काम हाय. पद रिक्त हाय."

"मंग मी काय करू?"

मोहनसिंगची जुनी खुर्ची पुढं आली. देवमनला तीत बसवलं, टोपी नीट केली. समोर सोळा पोट्टे चपट्या बॉलभोवती उभे. गाव कौतुकानं बघत होतं.

"बोला सर," विनोद म्हणाला.

देवमननं तोंड उघडलं. मला वाटलं, आता हा शिव्या देणार. पण तो हळूच म्हणाला, "दम लावा."

टाळ्या पडल्या. एकोणीस वर्षांत त्याच्या कोणत्याच वाक्याला एवढ्या टाळ्या पडल्या नव्हत्या. पाच मिनिटं तो बसला. मग उठला, टोपी खुर्चीवर ठेवली आणि चालत फाट्यावर माझ्या दुकानात आला.

"बबल्या, एक फॉर्म काढ."

कारंज्याच्या ज्या संघाला आम्ही हरवलं होतं, त्यांनी त्याला दोनदा निरोप पाठवला होता. त्यांचा सहायक आहे, चांगला आहे म्हणे, पण त्यांच्याही गावाला बाहेरचाच माणूस पाहिजे होता. त्यांची अट एकच. उमेदवार दुसऱ्या गावचा असल्याचा पुरावा. म्हणजे आसरखेड्याचा रहिवासी दाखला.

सरिता मॅडमनी तो दोन मिनिटांत दिला. "याचा नमुना हाय न," त्या खुशीत म्हणाल्या.

दुकानाच्या काउंटरवर कारंज्याचा फॉर्म पसरून देवमननं पेन उघडलं. मुख्य प्रशिक्षकाचे नाव व गाव. देवमन पडघान, रा. आसरखेडा. या वेळी त्यानं सगळे शब्द सावकाश लिहिले. पेन मिटलं आणि कागद हातभर लांब धरून पाहिला.

"कसं दिसते बबल्या?"

"भिंतीवानी," मी म्हणालो. "सरळ."

तो हसला. आणि खाट घेऊन घरी गेला. कारण कारंज्याच्या कोचनं आसरखेड्यात राहणं आता बंधनकारक होतं. रोज सकाळी फाट्यावरून बस धरतो, संध्याकाळी परत येतो. पहिल्या रविवारी त्यानं मोरीचं प्लास्टर केलं. भागिरथानं ओल्या सिमेंटवर काडीनं तारीख टाकून ठेवली. पुरावा म्हणून.

यंदाचा जिल्हा चषक कारंज्यानं जिंकला. फायनलला समोर कोण होतं ते विचारू नका. एवढं सांगतो की आमची फ्री किक एका भिंतीवर आपटून परत आली. पुकारा झाला, "विजेते प्रशिक्षक, आसरखेड्याचे देवमन पडघान!" आणि हरलेल्या आमच्या गावानं उभं राहून टाळ्या वाजवल्या. विनोद तर रडला. दुसऱ्या दिवशी तो दुकानात हजर. आठ बाय दहाचा फ्लेक्स पाहिजे होता: 'आसरखेड्याचे भूमिपुत्र, आपल्या घरचा माणूस, मा. देवमन पडघान सर यांचे हार्दिक अभिनंदन!' खाली एकशे बेचाळीस शुभेच्छुकांचे फोटो. एकशे त्रेचाळिसावा फोटो वर मोठा छापला आहे. मंडळाचं मुख्य प्रशिक्षकपद अजून रिक्त आहे; फॉर्मची ओळ कोरी राहू नये म्हणून यंदा मी तिथं पुण्याला गेलेल्या मोहनसिंगचंच नाव टाकलं होतं. बाहेरच्या माणसाचा शोध सुरू आहे.

हे सगळं मी जसं घडलं तसं लिहिलं आहे. याबाबत वाचकांपैकी कोणाची काही हरकत असल्यास सात दिवसांच्या आत लेखी स्वरूपात माझ्या दुकानावर सादर करावी. अर्जात एक जादा रकाना टाकला आहे: आपल्याच गल्लीतल्या कोण्या माणसाला तुम्ही शेवटचं 'चांगलं केलंस' असं तोंडावर कधी म्हणालात, तो दिनांक. रकाना कोरा असला तरी अर्ज स्वीकारला जाईल. नाहीतर एकही अर्ज यायचा नाही, आणि माझं दुकान बसेल.